फायबर लिंक येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांतलं, महाविद्यालयांतलं, रुग्णालयांतलं नेटवर्क सांभाळणारे लोक हे प्रश्न वर्षानुवर्षं पाठवत आले आहेत. फोन येतो तोवर मॉड्यूल (स्विचच्या पोर्टमध्ये बसणारा, प्रकाश सोडणारा आणि टिपणारा नग) दोनदा बदलून झालेलं असतं, स्विच रीस्टार्ट झालेला असतो, पण समोरून प्रकाश किती येतोय हे कुणी पाहिलेलं नसतं. खालची बहुतेक उत्तरं त्या एका आकड्याभोवती फिरतात. उदाहरणं एकाच आवारातल्या दोन इमारती जोडणाऱ्या १ जी आणि १० जी (सेकंदाला १ आणि १० गिगाबिट) लिंकची आहेत. घरच्या कनेक्शनबद्दल विचारायचं असेल तर सरळ प्रश्न १५ वर जा.

१. मॉड्यूल लावलं, पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर) लावली, तरी पोर्टचा दिवा लागत नाही. सुरुवात कुठून करू?

काहीही काढण्या-घालण्याआधी कागद घ्या आणि चार आकडे लिहा: या टोकाचा टीएक्स, या टोकाचा आरएक्स, त्या टोकाचा टीएक्स, त्या टोकाचा आरएक्स. टीएक्स म्हणजे मॉड्यूल किती प्रकाश सोडतंय, आरएक्स म्हणजे त्याच्यापर्यंत किती पोचतोय. आरएक्स पुरेसा असेल तर दोष बहुधा सेटिंगमध्ये किंवा मॉड्यूलच्या जोडीत आहे (प्रश्न ११). पुरेसा नसेल तर तो काचेत, कनेक्टरमध्ये किंवा समोरच्या लेझरमध्ये आहे (प्रश्न ४ पासून पुढे). या एका पाहणीने निम्मं काम होतं.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर आकडा पुन्हा लिहा. कॉर्ड आणि मॉड्यूल एकदम बदललं आणि लिंक आली, तर खराब काय होतं ते कळत नाही. मग तोच खराब नग कपाटात ‘चांगला’ म्हणून जातो आणि पुढच्या वेळी रात्री दोन वाजता हातात येतो.

२. हे आकडे दिसतात कुठे? आणि मायनस पाच, मायनस वीस म्हणजे काय समजायचं?

सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर ‘शो इंटरफेसेस ट्रान्सिव्हर डिटेल’, ज्युनिपरवर ‘शो इंटरफेसेस डायग्नोस्टिक्स ऑप्टिक्स’, लिनक्स सर्व्हरवर ‘इथटूल’ला ‘एम’ हा पर्याय देऊन. वेब पानावरून चालणाऱ्या स्विचमध्ये ते पोर्टच्या माहितीत किंवा डीडीएम, डीओएम अशा नावाखाली असतात. काही स्वस्त मॉड्यूलमध्ये ही सोयच नसते. तिथे पॉवर मीटर लागतो.

आकडा डीबीएममध्ये असतो. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. मायनस १० म्हणजे त्याचा दहावा भाग, मायनस २० म्हणजे शंभरावा, मायनस ३० म्हणजे हजारावा. ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा झाला. मायनस ४० किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसला तर प्रकाश येतच नाही असं धरून चाला.

१० जी एलआर जातीचं मॉड्यूल मानकाप्रमाणे मायनस ८.२ ते ०.५ डीबीएम प्रकाश सोडतं आणि मायनस १४.४ पर्यंतचा ओळखतं. १ जी एलएक्सचा ग्राहक (मॉड्यूलमधला प्रकाश टिपणारा भाग) मायनस १९ पर्यंत चालतो. म्हणून ‘मायनस १६ आलाय, ठीक आहे ना?’ या प्रश्नाला आधी ‘कोणत्या मॉड्यूलवर?’ असं विचारावं लागतं. १ जीला तो पुरतो, १० जीला पुरत नाही. मॉड्यूलचं स्वतःचं वाचन ३ डीबीने इकडेतिकडे असू शकतं, मानकातच तेवढी सूट आहे. दशांशावरून वाद घालू नका.

३. कॉर्डच्या टोकाकडे बघून प्रकाश येतोय का ते तपासलं तर चालेल?

नाही. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते. इमारतीतल्या मॉड्यूलची ताकद कमी असते. लांब पल्ल्याच्या उपकरणांची तशी असेलच असं नाही, आणि हातातल्या कोअरच्या (केबलमधल्या एका फायबरच्या) पलीकडे काय जोडलंय ते तुम्हाला नक्की माहीत नसतं. तपासणीचं भिंग लावण्याआधीही पलीकडचं पोर्ट बंद करा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ८५० नॅनोमीटरचा प्रकाश कधीकधी फिकट ठिपक्यासारखा दिसतो. १३१० आणि १५५० दिसत नाहीत, कारण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला त्या तरंगलांबी कळतच नाहीत. ‘कॅमेऱ्यात काही दिसलं नाही’ यावरून मॉड्यूल मेलं असं ठरवू नका.

४. आरएक्स मायनस ४० दाखवतोय. आता पुढे?

आधी समोरच्याला फोन करून दोन गोष्टी विचारा: तुमचं पोर्ट शटडाऊन तर नाही ना, आणि तुमचा टीएक्स किती? बऱ्याच स्विचवर पोर्ट शट केलं की लेझरही बंद होतो.

समोरचा प्रकाश सोडत असेल, तर तुमच्या टोकाला एलआययूमधून (केबलमधल्या फायबर जिथे संपतात त्या पेटीतून) येणाऱ्या डुप्लेक्स (दोन फायबरच्या) कॉर्डच्या दोन टोकांची अदलाबदल करून पाहा. एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सलाच जायला हवा. वाटेतल्या कॉर्ड आणि जॉइंटमध्ये मिळून उलटसुलट झालं, की टीएक्स समोर टीएक्स येतो आणि दोन्हीकडे अंधार दिसतो. अदलाबदल एकाच टोकाला करायची. दोन्ही टोकांना केली तर जिथे होता तिथेच याल.

तरीही मायनस ४० असेल तर लूप लावा: एकच कोअर घेऊन मॉड्यूलचा टीएक्स त्याच्याच आरएक्सला जोडा. आरएक्स वर आला तर मॉड्यूल ठीक आहे. हाच लूप मग एक टप्पा पुढे, एलआययूच्या पलीकडे, शेवटी समोरच्या इमारतीत लावत जा. आकडा ज्या टप्प्यावर पडेल, दोष त्याच टप्प्यात आहे. लांब पल्ल्याच्या मॉड्यूलला मात्र असा थेट लूप लावू नका, कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

५. पॅच कॉर्ड नवीकोरी, पाकिटातून आत्ताच काढली. ती पण पुसायची?

हो. आणि या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, कारण मी पाहिलेल्या मंद लिंकमधल्या बहुतेक इथेच सुटल्या आहेत.

सिंगल मोड (बारीक गाभ्याच्या) फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो साधारण ९ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे डोळ्याला न दिसणारा धुळीचा एक कण सगळी वाट अडवू शकतो. पाकिटातल्या कॉर्डवर जी प्लास्टिकची टोपी असते, तिच्या आतूनच कधीकधी चिकट थर येतो. बोट लागलं तर काय होतं ते एकदा भिंगाखाली जरूर पाहा. करड्या गोल चकतीवर बोटाच्या रेषांचे तेलकट पट्टे अगदी स्पष्ट उमटलेले असतात, आणि गाभ्याचा बारीक ठिपका त्या पट्ट्याखाली झाकलेला असतो.

आधी भिंगाने बघा, मग पुसा, मग पुन्हा बघा. रोजच्या कामाला ‘टिक’ आवाज करणारा पेनसारखा क्लीनर पुरतो. चिकट डाग त्याने गेला नाही, तर धागे न सुटणाऱ्या कापडाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंसं लावून टोक एका दिशेने ओढा आणि लगेच कोरड्या भागावर पुन्हा ओढा. ओलं सोडलं तर वाळल्यावर डाग राहतो. शर्टाच्या टोकाला पुसू नका, फुंकर मारू नका. फुंकरेतली वाफ टोकावर बसते.

लोक विसरतात ती बाजू: ऍडॉप्टरच्या (दोन कनेक्टर समोरासमोर बसवणाऱ्या तुकड्याच्या) आत बसलेलं पलीकडचं पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेली फायबर). स्वच्छ कॉर्ड घाण पिगटेलवर दाबली की दोन्ही घाण होतात, आणि कण काचेत रुतला तर टोक कायमचं खराब होतं. मॉड्यूलचं तोंडही साफ करा. वापरात नसलेल्या मॉड्यूलला आणि पोर्टला टोपी लावून ठेवा.

६. माझ्या लिंकमध्ये किती लॉस (प्रकाशाची घट) असायला हवा, हे आधी काढता येतं का?

येतं, आणि पाठीमागच्या कोऱ्या कागदावर येतं. सिंगल मोडमध्ये १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी धरा, १५५० ला ०.२ च्या आसपास. मल्टिमोडमध्ये (जाड गाभ्याच्या फायबरमध्ये) ८५० ला ३ डीबी. कनेक्टरच्या प्रत्येक जोडीला ०.५ धरा (मानक ०.७५ पर्यंत चालवून घेतं), आणि मशीनने केलेल्या स्प्लाइसला (दोन फायबर वितळवून जोडलेल्या सांध्याला) ०.१.

समजा गेटजवळच्या ऑफिसपासून मागच्या शेडपर्यंत १.२ किलोमीटर केबल आहे. काचेचे ०.४२, दोन एलआययूमधल्या दोन जोड्यांचे १.०, पिगटेलच्या दोन स्प्लाइसचे ०.२. बेरीज १.६ डीबी. समोरचा टीएक्स मायनस २.५ असेल तर तुमच्याकडे मायनस ४ च्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात मायनस १३ येत असेल आणि लिंक ‘चालू’ असेल, तरी ती ठीक नाही. ९ डीबी कुठेतरी सांडतायत आणि पुढच्या धक्क्याला लिंक जाईल. हिशेब काढून एलआययूच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या अभियंत्यांनी मांडलं, की काचेतली घट किलोमीटरला २० डीबीच्या खाली आली तर संदेशवहनासाठी ती वापरता येईल. २० डीबी म्हणजे शंभरातला एकच भाग उरणं. आजच्या काचेत १५५० वर तेवढी घट व्हायला १०० किलोमीटर लागतात. आणि ही फायबर आता छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा भागातही तयार होते.

७. लाल पेनचा (फायबर तपासायच्या लाल लेझरचा) प्रकाश दुसऱ्या टोकाला छान दिसतो. म्हणजे फायबर चांगली आहे ना?

अखंड आहे, एवढंच सिद्ध झालं. लाल पेन ६५० नॅनोमीटरचं असतं आणि डोळा फार मंद प्रकाशही पकडतो. २० डीबी घट असली तरी लाल ठिपका ‘छान’च वाटेल. पेनचे खरे उपयोग दोन: बारा-चोवीस कोअरमधून आपला कोअर ओळखणं, आणि ट्रेमध्ये पिगटेल कुठे दुमडलंय किंवा तुटलंय ते शोधणं. तिथे आवरणातून लाल उजेड झिरपताना दिसतो. लॉससाठी पॉवर मीटरच.

८. पिवळी, केशरी, आकाशी, अशा वेगवेगळ्या कॉर्ड कपाटात आहेत. कुठलीही चालेल?

पिवळी सिंगल मोडची. केशरी जुन्या मल्टिमोडची, ती ६२.५ मायक्रॉनची असू शकते किंवा ५०ची. आकाशी ओएम३ किंवा ओएम४ या नव्या मल्टिमोडची, दोन्ही ५० मायक्रॉन. रंग ही पहिली खूण, पण आवरणावर छापलेलं वाचूनच लावा.

सिंगल मोडच्या वाटेत एक मल्टिमोड कॉर्ड घुसली की फसवा प्रकार होतो. ९ मायक्रॉनमधून ५०मध्ये प्रकाश आरामात शिरतो. ५०मधून ९मध्ये शिरताना मात्र बहुतेक सगळा बाहेर राहतो, कारण गाभ्याच्या क्षेत्रफळात तिसेक पटींचा फरक आहे. त्यामुळे एका दिशेचा आरएक्स चांगला आणि दुसऱ्या दिशेचा फार पडलेला, असं दिसलं की आधी दोन्हीकडच्या कॉर्डचे रंग बघा.

९. एका कनेक्टरचं टोक निळं, दुसऱ्याचं हिरवं. बसतात तर बरोबर. जोडू?

जोडू नका. निळं म्हणजे यूपीसी, त्याचं टोक जवळपास सपाट. हिरवं म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं. दोन्ही समोरासमोर आले की मध्ये हवेची फट राहते, लॉस वाढतो आणि टोकांना इजा होऊ शकते. एका बाजूला निळं आणि दुसऱ्या बाजूला हिरवं अशी तयार कॉर्ड मिळते, ती वापरा.

१०. आमच्याकडे एकच कोअर शिल्लक आहे, म्हणून बायडी (एकाच फायबरवर पाठवणारी आणि ऐकणारी) मॉड्यूल घेतली. दोन्ही नवी, लिंक नाही.

दोन्ही एकाच जातीची आली आहेत का बघा. बायडीत एक मॉड्यूल १३१० वर पाठवतं आणि १५५० वर ऐकतं, दुसरं त्याच्या उलट. १ जीमध्ये १३१० आणि १४९० ची जोडीही असते, १० जीमध्ये १२७० आणि १३३० ची. एकाच जातीची दोन लावली तर पॉवर मीटर प्रकाश दाखवतो, पण मॉड्यूलचा आरएक्स अंधार सांगतो, कारण आतला फिल्टर तो प्रकाश ग्राहकाकडे जाऊच देत नाही. कडीच्या रंगावर विसंबू नका, लेबलवरचे दोन्ही आकडे वाचा.

११. दोन्हीकडचा आरएक्स उत्तम आहे, तरी पोर्ट डाऊन. हे कसं?

याची कारणं बरीच आहेत. मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम देतो.

पोर्ट शट किंवा एरर-डिसेबल्ड (चूक दिसल्याने स्विचनेच बंद केलेलं) आहे का? अनेक कंपन्यांचे स्विच दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल ओळखलं नाही की पोर्ट बंद करतात. लॉगमध्ये तसा संदेश असतो. योग्य कोडिंगचं मॉड्यूल मागवणं हा नीट उपाय. काही स्विचवर ही अट सैल करण्याची आज्ञा असते, पण ती वापरली तर उत्पादकाकडून मदत मिळताना अडचण येऊ शकते.

मग वेग. १० जीच्या पोर्टमध्ये १ जीचं मॉड्यूल बऱ्याचदा चालतं, पण काही स्विचवर वेग हाताने १ जी करावा लागतो. १ जीच्या पोर्टमध्ये १० जीचं मॉड्यूल चालत नाही. मग ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसांत सेटिंग ठरवणं), त्यासाठी प्रश्न १२. २५ जी आणि १०० जीमध्ये एफईसी (वाटेतल्या चुका दुरुस्त करण्याची सोय) दोन्हीकडे सारखं हवं: १०० जी एसआर४ला ते लागतंच, एलआर४ला लागत नाही, आणि दोन कंपन्यांचे स्विच समोरासमोर असले की इथेच सर्वांत जास्त वेळ जातो.

आणि एक अपवाद. प्रकाश भरपूर, सेटिंग बरोबर, पण फायबर जुनी केशरी ६२.५ची. त्यावर १ जी एसएक्स २७५ मीटरपर्यंत चालतं, १० जी एसआर फक्त ३३ मीटर. तिथे ताकद पुरते, पण वाटेत सिग्नलचे ठोके एकमेकांत मिसळून जातात. ओएम३वर हीच मर्यादा ३०० मीटर आहे, ओएम४वर ४००. स्विच बदलून १० जी केल्यावर १५० मीटरची जुनी लिंक उठत नसेल, तर कारण बहुधा हेच.

१२. आमच्या बाजूला लिंक अप, त्यांच्या बाजूला डाऊन. दोघंही म्हणतात दोष समोरच्याचा.

१ जीवर असाल तर आधी ऑटो-निगोशिएशन. एकाने चालू ठेवलं आणि दुसऱ्याने बंद केलं, तर बंद केलेली बाजू अप दाखवते आणि चालू असलेली बाजू डाऊन राहते. दोन्हीकडे सारखं करा. ते सारखं असेल तर दोनपैकी एकाच कोअरवर प्रकाश कमी आहे. डाऊन बाजूचा आरएक्स वाचा आणि प्रश्न ५ कडे जा. १० जीमध्ये हीच गोष्ट लॉगमधून कळते. ज्याला प्रकाश नीट मिळत नाही तो ‘लोकल फॉल्ट’ दाखवतो आणि समोरच्याला कळवतो, मग समोर ‘रिमोट फॉल्ट’ दिसतो. दुरुस्ती लोकल फॉल्टच्या बाजूला येणाऱ्या कोअरची करायची.

१३. लांब पल्ल्याची मॉड्यूल टेबलावर २ मीटरच्या कॉर्डने जोडून तपासली, लिंक आली नाही. खराब आहेत?

कदाचित तुम्ही आत्ताच ती खराब केली असतील, म्हणून आधी कॉर्ड काढा. १० जी ईआर (४० किलोमीटर) ४ डीबीएमपर्यंत प्रकाश सोडू शकतं, आणि ग्राहकाची वरची मर्यादा मायनस १ आहे. ८० किलोमीटरच्या झेडआरमध्ये ती मर्यादा मायनस ७ च्या आसपास असते. ग्राहक दिपून जातो, कधी कायमचा निकामी होतो. मध्ये ऍटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) लावा: ईआरला ५ ते १० डीबी, झेडआरला १५. १० जी एलआर मात्र छोट्या कॉर्डने थेट जोडता येतं.

१४. पहिल्या पावसानंतर लिंक रडायला लागते. दरवर्षी.

चेंबरमधल्या जॉइंट क्लोजरमध्ये पाणी शिरत असेल, किंवा खचलेल्या मातीने केबल पिळली जात असेल. फायबर दुमडल्याने होणारा लॉस १३१० पेक्षा १५५० ला जास्त दिसतो. म्हणून ओटीडीआरवाल्याला (फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष किती अंतरावर आहे ते सांगणारं यंत्र) दोन्ही तरंगलांबींवर ट्रेस (आलेख) काढायला सांगा. १५५० वरच पायरी मोठी असेल तर तिथे पीळ आहे. दोन्हीवर सारखी असेल तर जॉइंट उघडून बघावा लागेल. ओटीडीआर लावण्याआधी दोन्हीकडची मॉड्यूल काढून ठेवा, सुरुवातीला लाँच कॉर्ड (जास्तीची लांब फायबर) लावायला सांगा (नाहीतर पहिल्या कनेक्टरचा दोष दिसतच नाही), आणि एवढं लक्षात ठेवा की त्याने सांगितलेलं अंतर काचेचं असतं. वाटेत गुंडाळून ठेवलेली केबल वजा केल्याशिवाय खोदू नका.

आरएक्सचा आकडा रोज नोंदवला जाईल अशी व्यवस्था मे महिन्यातच करा. मायनस ५ वरून मायनस ९ वर घसरलेली लिंक तुटण्याआधी कळते.

१५. घरच्या फायबरच्या डब्यावर लाल एलओएस (प्रकाश येत नाही असं सांगणारा) दिवा आहे. हेच सगळं करू?

नको. घरी बहुधा जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) असतं: एकच कोअर, खाली १४९० वर, वर १३१० वर. डब्याच्या पानावर आरएक्स दिसत असेल तर वाचा. बहुतेक डब्यांना मायनस ८ ते मायनस २७ मधला आकडा लागतो. कपाटामागे कॉर्ड दबली नाही ना, दारात चेमटली नाही ना, एवढं बघा आणि कंपनीला कळवा. लाल दिवा नाही पण पॉन दिवा लुकलुकत राहतो, तर प्रकाश येतोय, नोंदणी होत नाही. डबा परस्पर बदलला असेल तर नव्याचा सिरियल नंबर कंपनीकडे नोंदवावा लागतो.

१६. मीडिया कन्व्हर्टरचे (तांब्याची केबल फायबरला जोडणाऱ्या डब्याचे) सगळे दिवे एकदम विझतात. गेला का?

बहुधा डब्यावरचा एलएफपी हा छोटा स्विच चालू आहे. त्यात एका बाजूची लिंक गेली की कन्व्हर्टर मुद्दाम दुसरी बाजूही पाडतो. तपासणीपुरता तो बंद करा, म्हणजे खरी मेलेली बाजू दिसेल. आणि १०० एमबीपीएसचा कन्व्हर्टर १ जी मॉड्यूलसमोर कधीच लिंक देणार नाही.

१७. चारही आकडे उत्तम, सेटिंग सारखं, मॉड्यूल बदलून झाली. पोर्ट अप होतं आणि काही सेकंदांत बंद पडतं.

मग विचारा: येणारा प्रकाश नक्की कुणाचा आहे?

एका कारखान्यात असंच झालं होतं. दोन शेडच्या दोन १० जी लिंक, चेंबरमधल्या दुरुस्तीनंतर एकाच दिवशी गेल्या. आरएक्स सगळीकडे मायनस ४ ते मायनस ६. पोर्ट उठायचं आणि यूडीएलडी (दोन्ही दिशांना शेजारी एकच आहे ना ते तपासणारी स्विचची सोय) ‘शेजारी जुळत नाही’ म्हणून ते बंद करायचं. आम्ही पहिल्या शेडचं पोर्ट शट केलं, सर्व्हर रूममधला आरएक्स मायनस ४० झाला. बरोबर. मग उलट, सर्व्हर रूममधलं पोर्ट शट केलं, आणि शेडमधला आरएक्स हललाच नाही. सर्व्हर रूममधलं दुसऱ्या शेडचं पोर्ट शट केल्यावर तो पडला.

बारा कोअरच्या केबलमध्ये सातवा कोअर लाल असतो, अकरावा गुलाबी. चेंबरमध्ये संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात जॉइंट करताना ते दोन उलटे लागले होते. दुसऱ्या दिवशी ट्रे उन्हात आणून दोन स्प्लाइस पुन्हा केले, आणि दोन्ही शेड एकदमच वर आल्या.